येता आलं असतं, पण…

एप्रिल 2021मध्ये कळंबला आमच्या दादीचा इंतकाल झाला. अब्बूंनी जनाजा रियाधच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर पाहिला. ‘वंदे भारत’ची विमानं मे 2020पासून सुरू होती, येता आलं असतं. पण भारतातून थेट सौदीत परतायला बंदी होती. सौदीनं इकाम्यांची मुदत वाढवली, तरी नोकरीचा भरवसा कोण देणार? 1 डिसेंबर 2021ला ही बंदी उठली. त्यानंतर अब्बू आले आणि घराआधी कब्रस्तानात गेले.

किती जणांना आणलं, हे सरकारनं सांगितलं. परतीच्या भीतीनं न आलेल्यांना कुणी मोजलं? संकटात मायदेशी आलेल्या कामगाराची नोकरी आणि व्हिसा टिकेल, असा करार भारतानं आखाती देशांशी करायला हवा. दोस्तांनो, आपल्या खासदारांना एवढं तरी विचारूया.