परत आणण्याचे वचन

शत्रूच्या मुलखात कोसळलेल्या वैमानिकाची सुटका हे केवळ व्यक्तिगत धाडसाचे काम होय, असा समज रूढ आहे. तो अपुरा असल्याचे ब्रह्मदेशच्या अरण्यात १९४४ च्या एप्रिलमध्येच दिसून आले. जपानी फौजांच्या पिछाडीस एक हलके अमेरिकन विमान कोसळले. त्यात वैमानिकासह तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. रान असे, की तेथे दुसरे विमान उतरणे अशक्य. अखेर लेफ्टनंट कार्टर हार्मन आसामातील लालाघाट तळावरून हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्रात एका वेळी एकच माणूस घेता येई. उष्म्याने इंजिन तापे. तरीही २५ व २६ एप्रिल रोजी चार फेऱ्या करून त्याने चौघांनाही बाहेर काढले. यंत्र तोकडे होते, पण ते धाडणाऱ्यांचा निर्धार तोकडा नव्हता.

हा निर्धार आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नाही. २६ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्याच्या समुद्रात नौदलाचे मिग विमान कोसळले. एक वैमानिक वाचला. कमांडर निशांत सिंग यांचा देह अकरा दिवसांनी हाती आला. तोवर शोध थांबला नाही, हे नौदलास भूषणावह आहे.

परंतु जेथे हेलिकॉप्टर पोहोचत नाही, तेथे काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानवरील हल्ल्यात गेले, ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे ह्या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. त्यांनी पतीच्या शोधात अवघे आयुष्य वेचले. अशा बेपत्तांची ५४ नावांची यादी देशापुढे आहे. आपण सुमारे ९३ हजार युद्धकैदी परत पाठविले. पाकिस्तान मात्र ही माणसे आपल्याकडे नाहीत, असेच सांगत आले. २००७ साली कुटुंबीय तेथील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले.

त्यांपैकी कोणी आज हयात असेल, अशी खोटी आशा आम्ही दाखवू इच्छित नाही. पण मृत्यूची खात्रीही कुटुंबाचा हक्कच आहे. प्रत्येक नावामागे सरकारने काय केले, ते कागद त्या घरांपुढे उघडे करावेत आणि पाकिस्तानशी जेव्हा केव्हा बोलणी होतील, तेव्हा हा प्रश्न प्रथम मांडावा. सैनिक देशासाठी जातो तो एका अलिखित वचनावर विसंबून. ते वचन पाळण्यास मुदत नसते.