एका जळणात दोन कामे, पण कुणासाठी?



निरगुडसरच्या एका तरुणाने परवा विचारले, "साहेब, पारगावचा भीमाशंकर कारखाना चिपाडावर वीज करतो. मग मी बांधतोय त्या मंगल कार्यालयात इंजिन बसवून वीज आणि गरम पाणी दोन्ही काढू का? कर्ज मिळतंय."

कल्पना चांगली आहे. इंजिनात जळणाचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाया जाते. तीच धरून पाणी तापवायचे, ही सहवीजनिर्मिती. कारखान्याला ती परवडते, कारण टनभर उसामागे पावणेतीन-तीन क्विंटल चिपाड घरचेच निघते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ लगेच रस आटवायला लागते. गाळप चालू असेतो दोन्ही गरजा रात्रंदिवस जोडीने असतात.

मंगल कार्यालयाचे तसे नाही. लग्नतिथी संपल्या की यंत्र उभे, हप्ता मात्र चालू. दुकानाच्या गाळ्यांना तर गरम पाणी लागतच नाही. रोज दूध तापवणारी डेअरी किंवा मोठे रुग्णालय असेल, तर विचार जरूर करावा.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा. वीज किती तास लागते? गरम पाणी किती तास? दोन्ही एकाच वेळी किती तास? जळण कुठून, काय भावाने? यंत्र घ्यायचेच, तर गरम पाण्याच्या रोजच्या गरजेएवढेच घ्या.

त्या तरुणाला मी तूर्त छतावर सौर बंब सुचवला आहे.