साखरेची दारे आणि ज्वारीचे ताट



रब्बी ज्वारीचा फुलोरा सरतो, दाणा दुधात येतो आणि नेमकी तेव्हाच जमिनीतली ओल संपते. पुढचे तुम्हाला पाठ आहे. ताट वरून बरे दिसते, बुडाशी पोकळ होते आणि वाऱ्याच्या झुळकीने आडवे पडते. खडखड्या! आपण म्हणतो, रोग आला. पण ती बुरशी जमिनीत आधीपासूनच होती. तिला आत वाट मिळाली ती ताट उपाशी पडल्यामुळे.

पान साखर तयार करते. ओल तुटली की पानाची कमाई घटते, दाण्याची मागणी मात्र घटत नाही. मग ताटात साठवलेली साखर कणसाकडे वळते. घरची पुंजी मोडून लेकराला घालावे तसा हा प्रकार. बुडाला आणि मुळांना काही उरत नाही आणि बुरशीचे फावते.

ही साखर पाटाच्या पाण्यासारखी आपोआप वाहत नाही. पेशीला साखरेसाठी दारे असतात. ही दारे म्हणजे प्रथिने, आणि त्यांचा नकाशा जनुकांत. साखर आत ओढणारे पहिले असे जनुक १९९२ साली पालकाच्या भाजीत सापडले. साखर बाहेर सोडणाऱ्या दारांचे कुटुंब २०१० साली अमेरिकेत सापडले, त्याला 'स्वीट' असे नाव पडले. दुष्काळात, खारट जमिनीत, थंडीत यातले कोणते दार उघडते आणि कोणते मिटते, यावर आज जगभर काम चालू आहे.

मी राहतो रत्नागिरीत. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि पीक भाताचे. कापूस-ज्वारीवाल्यांना भाताची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण या दारांचा सगळ्यात स्पष्ट धडा भातातच मिळाला. भातावरच्या कडा करप्याचा जिवाणू पानात शिरतो आणि झाडाच्याच जनुकाला हुकूम देऊन साखरेचे दार उघडायला लावतो. घर आपले, कोठार आपले, चावी चोराकडे! काही जुन्या भातांत या दाराचे कुलूप थोडे वेगळे आहे, जिवाणूची चावी त्याला लागत नाही. नेहमीच्या संकराने तो गुण आपल्या शास्त्रज्ञांनी पुसा बासमती १ मध्ये आणि सांबा मसुरीत आणला. सुधारित वाण २००७ आणि २००८ साली प्रसारित झाले. दारच काढून टाकून मात्र चालत नाही. तेच दार परागकणांना साखर पुरवते, ते गेले तर पराग वांझ होतात. कपाशीच्या पानावर कोनाकोनाचे तेलकट ठिपके पाडणारा जिवाणूही हीच युक्ती करतो, हे २०१७ साली सिद्ध झाले.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने परके जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादित वाणांना १९८९ च्या नियमांतील काही अटींतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजी असे दोन वाण जाहीर झाले, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. दोन्ही भाताचे. (त्यांत बदलले ते साखरेचे दार नव्हे, दुसरी जनुके.) २०२३ साली आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाचे समारंभ झाले, समारंभाने ताट उभे राहत नाही.

बंदीची भाषा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. नवे बियाणे वापरायचे की नाही हे शेतकऱ्याने ठरवायचे. पण त्याच शेतकऱ्याने आधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात.

पहिली, मोजमापाची. साखर लवकर दाण्याकडे ढकलणारी ज्वारी काढली तर कागदावर उतारा वाढेल. पण ताट रिकामे झाले, लोळले, कडब्याला कस राहिला नाही, तर बैलांपुढे काय टाकायचे? कोरडवाहूत कडबा हे निम्मे पीक आहे. उलट दिशेचा गुणही उपलब्ध आहे. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या बी-३५ या वाणाचे पान आणि ताट दाणा भरेपर्यंत हिरवे राहते, लोळणे कमी होते. म्हणून विद्यापीठाच्या प्रयोगात पाणी न दिलेल्या वाफ्यातली पडलेली ताटे मोजा, कडबा तोला, मग दाण्याचे आकडे सांगा.

दुसरी, बियाण्याच्या मालकीची. २००२ साली बीटी कापूस आला तो संकरित बियाण्यातून, आणि दरवर्षी दुकानाची पायरी चढणे आले. मालदांडी ३५-१ चे तसे नाही. ते सरळ वाण आहे, खळ्यावरचे निवडक कणीस पुढच्या वर्षीचे बियाणे होते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने बियाणे राखण्याचा हक्कही दिला आहे. ज्वारीतले नवे काम सरळ वाणातच व्हावे, सार्वजनिक पैशातून व्हावे, आणि त्यातल्या तंत्रावर कोणाचे पेटंट आहे हे वाण देण्याआधी सांगावे. सोलापूरच्या रब्बी ज्वारी केंद्राला आणि राहुरी-परभणीच्या विद्यापीठांना हे दोन प्रश्न जिल्हा बैठकीतून ठराव करून पाठवावेत.

वाण येईल तेव्हा येईल. या हंगामात दाट पेरा ठेवू नका, विरळणी वेळेवर करा, कोळपण्या देऊन भेगा बुजवा. विहिरीत एकच पाणी असेल तर ते फुलोरा ते दाणा भरण्याच्या काळासाठी राखा. नत्र बेताने द्या. पाला माजवून ओल लवकर संपवली की खडखड्या आलाच.