डॉक्टरांचे तोंड बंद करू नका

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या वेळी डॉक्टर, नर्स आणि आशा कार्यकर्त्यांनी मोबाईलवर काय बोलावे, याचा नियम आजच ठरला पाहिजे. आमच्या मते तो साधा असावा : दवाखान्याची स्थिती सांगण्याची पूर्ण मोकळीक, रुग्णाची ओळख उघड करण्यास पूर्ण मनाई.

मोकळीक कशासाठी? आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर जमावाने दगडफेक केली. डॉ. तृप्ती काटदरे व डॉ. झाकिया सय्यद जखमी झाल्या, तरी दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर हजर राहिल्या. त्या दिवसांत तपासणी व विलगीकरणाबद्दल नाना अफवा मोबाईलवर फिरत होत्या. जाणकार गप्प बसला की अफवेला रान मोकळे मिळते.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. तृप्ती गिलाडा यांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. खाटा नाहीत, गंभीर रुग्णांना घरीच सांभाळावे लागते, हे सांगताना त्यांना रडू आवरले नाही. मास्क लावा, लस घ्या, अशी विनवणीही त्यांनी केली. सरकारी आकड्यांनी जे समजले नव्हते, ते त्या काही मिनिटांत घराघरांत समजले.

सरकारचा कल मात्र तोंड बंद करण्याकडे असतो. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये नियम काढले, की आरोग्य खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय कोरोनाची माहिती समाजमाध्यमांवर देऊ नये. आधार होता प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेल्या १८९७ च्या कायद्याचा! चीनमधील वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहकारी डॉक्टरांना सावध केले, तर पोलिसांनी त्यांनाच समज दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच रोगाने ते गेले. आपल्याकडे न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले, की समाजमाध्यमांवर गाऱ्हाणे मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई झाल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. हा आधार मोठा आहे, पण दर वेळी न्यायालयाची वाट का पाहावी?

आता मनाईबद्दल. बँकेत आम्ही खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. रुग्णाचा आजार तर त्याहून नाजूक. जसोंडीसारख्या गावात नाव न घेता नुसते दार दाखवले, तरी घर ओळखू येते, आणि मग त्या घरच्यांशी लोक कसे वागतात हे आपण जाणतो. म्हणून रुग्णाच्या संमतीशिवाय चेहरा, घर, कागद काहीही मोबाईलवर जाऊ नये.

मंडळाने बऱ्हाणपूरच्या कलेक्टरांना निवेदन द्यावे : आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असा लेखी नियम करा; खरी अडचण सांगणाऱ्यास नोटीस देऊ नका; आणि साथीच्या सूचना हिंदीबरोबर मराठीतही, स्थानिक डॉक्टर-नर्सच्या आवाजात द्या. आपल्या घरातील वृद्ध मंडळींना आपल्या बोलीतला शब्द लवकर पटतो. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकालाही हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडू नये.