पट्टी लावा, पण चेनचा आवाज ऐका



हेब्बाळला पोस्टिंग आलेल्या माणसाला सायकलचं वेड लागायला वेळ लागत नाही. हवा थंड, रविवार मोकळा. उड्डाणपूल ओलांडला की बळ्ळारी रोड येलहंकावरून देवनहळ्ळीला नेतो आणि तिथून नंदीचा डोंगर गाठता येतो. मातीत चालवायची हौस असेल तर येलहंकाजवळ अवलहळ्ळीचं जंगल आहे. त्यामुळे आमच्या लाईनीत माउंटन बाइका वाढल्यात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही वाढलाय: चेन आपटून फ्रेमचा रंग उडतो, तिथे काय लावायचं?

माझं मत सरळ आहे. पट्टी जरूर लावा, त्यासाठी फार पैसे घालवू नका, आणि लावण्याआधी चेन एवढी का आपटते ते बघा. लोक पट्टी लावतात आणि शेवटचं काम सोडून देतात.

आपल्या गावाकडच्या काळ्या हीरो किंवा ॲटलस सायकलला हे दुखणं नव्हतं. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक फ्रीव्हील. चेन ढिली झाली की मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळायचे. वरून चेनकव्हर. गिअरच्या सायकलचं तसं नाही. सर्वांत मोठ्या चक्रावर पुरेल एवढी लांब चेन ठेवावी लागते, आणि लहान चक्रावर आलं की उरलेली ढील डिरेलरची स्प्रिंग ओढून धरते. खड्डा, हंप किंवा झाडाचं मूळ लागलं की स्प्रिंग क्षणभर हार खाते आणि चेन उजव्या बाजूच्या आडव्या नळीवर आपटते. क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या या नळीला चेनस्टे म्हणतात.

काही जण म्हणतात, हे रंगाचे लाड झाले, सायकल काय शोकेसमध्ये ठेवायची आहे? नुसता रंग उडत असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण स्टीलच्या फ्रेमचा रंग गेला की पावसात तिथेच गंज धरतो. ॲल्युमिनियम तसं गंजत नाही, पण खोल खाच पडली तर जोर तिथे एकवटतो आणि पुढे तडा जायचा धोका असतो. कार्बनचे धागे कापले गेले तर नळीची ताकदच कमी होते. नंदीच्या उतारावर वेगात असताना फ्रेमने दगा देऊ नये, एवढी अपेक्षा म्हणजे लाड नव्हे.

दुसरं, पैशाचं. चेन, टायर, कॅसेट बदलता येतं. फ्रेम गेली म्हणजे सायकलच गेली. जवान माणूस घरी पैसे पाठवून उरलेल्यातून सायकल घेतो, आणि बदली आली की ती रेल्वेत चढवतो किंवा मागे राहणाऱ्याला विकतो. जुनी सायकल घेणाऱ्यांनो, हँडल आणि सीट नंतर बघा, आधी ती उजवी नळी बघा.

आता पट्टीचं. पंक्चरवाल्याकडे फाटकी ट्यूब मागा. उभी चिरा, आतली पावडर धुवा. चेनस्टेवरचं तेल आणि माती पुसून नळी कोरडी करा. मग ट्यूब ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळा. टोकं झिप-टायने बांधा. टायर आणि पुढचं चक्र रबराला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघा. झालं.

पारदर्शक हेलिकॉप्टर टेपही मिळते. हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची धार वाळूने झिजू नये म्हणून वापरतात त्याच जातीची. गिअरची केबल जिथे घासते तिथे ती उत्तम. पण ती पातळ असते, ओरखडे थांबवते, मार झेलत नाही. चेनच्या माराला जाड रबरच हवं.

आणि आता खरा मुद्दा. रबर लावलं की खडखडाट बंद होतो आणि माणूस निवांत होतो. तो खडखडाट चेनची तक्रार होती. चेन प्रमाणाबाहेर लांब असेल, डिरेलरची स्प्रिंग थकली असेल, तर पट्टीखाली ते सगळं तसंच राहतं. शिमानोने २०११ मध्ये एक्सटीआर डिरेलरला क्लच दिला, तो याच हिसक्यांसाठी. आता तो बऱ्याच स्वस्त गिअरमध्येही येतो. त्याची छोटी कळ चाक काढताना बंद करतात आणि पुन्हा चालू करायला विसरतात. आज आपली तपासा.

चेन झिजली का हे पट्टीने मोजा. नव्या चेनच्या १२ इंचात बरोबर २४ पिना बसतात. तेवढ्याच पिनांना १२ आणि एक सोळांश इंच लागत असेल तर चेन बदला. एक अष्टमांशाने वाढली असेल तर मागची चक्रंही बहुधा गेली.

झिजलेले दाते आणि चिखलाने माखलेली चेन एकत्र आली की आणखी वाईट होतं. चेन पुढच्या चक्राला सोडत नाही, त्याच्याबरोबर वर ओढली जाते आणि चक्र व फ्रेमच्या मधे अडकून धातू खरवडते. तिथे रबर टिकत नाही. चेन साफ ठेवणं आणि वेळेवर चक्र बदलणं हाच उपाय.

शेवटचं म्हणजे ती पट्टी काढत जा. बेंगळुरूत पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, आणि रबराखाली शिरलेलं पाणी व लाल माती आपणहून बाहेर येत नाही. स्टीलची फ्रेम असेल तर तुम्ही गंजाला झाकून ठेवलंत असं होईल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, नंतर दोन-तीन महिन्यांनी सोडा, पुसा, तडा बघा, परत गुंडाळा. हत्यार साफ करायला बसणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाचं हे काम जड नाही.

जय हिंद.