राखीव वहीची तक्रार कोण ऐकणार?

परांडा तालुक्यातील सोनारीचा शेतकरी पीककर्जासाठी सातबारा काढतो, तेव्हा त्याची पत तलाठ्याच्या दप्तराइतकीच दूरच्या एका संगणकावरही अवलंबून असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. सोय मोठी झाली. पण दप्तर एकवटले की धोकाही एकवटतो. म्हणून अशा नोंदींसाठी मुख्य संगणकाच्या जोडीला राखीव संगणक ठेवण्याची रीत आहे. तो ऐनवेळी उपयोगी पडेल काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे काम जमाखर्चासारखेच चालते. मुख्य यंत्र प्रत्येक फेरफार प्रथम रोजकीर्दीत टिपते. राखीव यंत्र त्या कीर्दीची पाने मागवून आपली खतावणी पुरी करते. मधले एक पान गहाळ झाले, तर पुढची पाने निरुपयोगी ठरतात. यंत्र तशी तक्रार आपल्या नोंदवहीत लिहिते आणि थबकते. विचारणाऱ्याला ते उत्तर देत राहते, मात्र शिळ्या खतावणीवरून. बंद यंत्राची निदान बोंब तरी होते. याची होत नाही.

संगणकीय आज्ञावली सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी नेमके हेच घडले. राखीव यंत्राला हवी असलेली पाने मुख्य यंत्रावरून आधीच काढली गेली होती. दुरुस्तीच्या गडबडीत अभियंत्याने राखीव समजून मुख्य यंत्रावरचीच माहिती पुसली. नित्याच्या प्रती निघतच नव्हत्या, आणि त्या अपयशाची सूचनापत्रे परस्पर नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी काढलेली एक प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतील नोंदी गेल्या.

मुंबईचा अनुभवही बोलका आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास ठप्प होते. राखीव केंद्र असूनही कारभार तिकडे हलविला गेला नाही. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, खास सत्र भरवून राखीव केंद्रातून व्यवहार करून पाहण्यात आले. अशी तालीम हाच खरा विमा होय.

यंत्राची खरेदी अंदाजपत्रकात दिसते, दक्षतेचा मोबदला मात्र अनाठायी खर्च वाटतो. सार्वजनिक दप्तरांबाबत ही काटकसर महाग पडेल. राखीव यंत्राच्या तक्रारी रोज वाचणारा जबाबदार अधिकारी नेमावा, ठरावीक काळाने कारभार त्या यंत्रावर चालवून पाहावा आणि त्याचा निकाल जाहीर करावा. सोनारीच्या शेतकऱ्याला दुसरी वही असल्याचे आश्वासन पुरेसे नाही. ती वही आजची आहे, याची हमी त्याला हवी.