लोणारात मासे नाहीत, तेच बरं आहे



बिट्टन मार्केटकडच्या आपल्या काही घरांची सोयरीक बुलढाण्याकडची. त्यामुळे लोणारला आंघोळ केली की खरूज-नायटा जातो, हे आपण ऐकत आलोय. पण लोक जिथे आंघोळ करतात ती काठावरची धार गोड्या पाण्याची. खारं पाणी खाली सरोवरात, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागणारं. श्रद्धेनं धारेखाली उभं राहायला माझी ना नाही. पण ज्यांना पाण्यात राहून चिखल्या झाल्यात त्यांनी डॉक्टर गाठावा. आणि खरूज असेल तर सगळ्या घरानं एकदम औषध लावावं लागतं, एकट्यानं लावून जात नाही.

मला बोलायचंय ते वेगळंच. आपल्यातले काही म्हणतात, एवढं पाणी रिकामं पडलंय, बीज का सोडत नाहीत? अहो, रोहू-कतल्यासाठी आपण पीएच साडेसात-आठ बघतो, तिथे तो दहाच्या आसपास! अशा पाण्यात माशाला कल्ल्यांतून अंगातला अमोनिया बाहेर टाकता येत नाही. बीज सोडलं की मेलंच समजा.

उल्का पडून झालेला हा खड्डा, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे राहतो. पूर्वी इथूनच पापडखार निघायचा. जून २०२० मध्ये पाणी आटून खार वाढला आणि सरोवर गुलाबी झालं. ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. म्हणजे तिथेही जीव आहेत, फक्त आपल्या जाळ्यात येणारे नाहीत.

आता गावाचं सांडपाणी आणि जादा गोडं पाणी आत जात राहिलं तर हा खार पातळ होणार. उद्या लोणारात मासा जगला तर आपण कोळ्यांनी पेढे वाटायचे नाहीत. ते सरोवर मेल्याची खूण असेल.

आपल्या भोज तलावांना २००२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, लोणारला २०२० मध्ये. नाल्याचं पाणी तळ्याचं काय करतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा लोणारला जाल तर धारेवर साबण-शांपू लावू नका, निर्माल्य खाली टाकू नका. आणि औषध म्हणून खाऱ्या पाण्याच्या बाटल्या भरून आणू नका, पोरांच्या डोळ्यांत गेलं तर आग होते.

– सचिव